सोमवारी घारापुरी बंद

पोरांच्या परीक्षा अजून व्हायच्या असतात, मे महिना लांब असतो, आणि तात्यांची दोनशे पानी वही मात्र उघडलेली असते. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘मुंबई दर्शन, सहकुटुंब’, त्याखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. सांगली-मिरजेकडच्या कुठल्याही मोठ्या घरात असे एक तात्या सापडतातच. कुणाचे थोरले दीर, कुणाचे मामा, बहुतेक पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीत हुकलेलं प्रमोशन त्यांना घरच्या सहलीनं दिलेलं असतं.

मुंबईत काय बघायचं हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडतो. तात्यांचा प्रश्न वारांचा. सोमवारी घारापुरी बंद. कान्हेरीची लेणीही सोमवारीच बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला ही रांग. बुधवारी राणीची बाग बंद. त्यातून बुधवारी सरकारी सुट्टी आली, तर बाग उघडी आणि गुरुवारी बंद. हे शेवटचं कलम सांगताना तात्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही नव्हतं, असं काकू सांगतात.

मुक्काम डोंबिवलीच्या मावशीकडे. हे वहीच्या चौथ्या पानावर ठरतं. मावशीला फोन जातो तो घरात गाद्या किती आहेत एवढं विचारायला.

खरी धास्ती लोकलची. गाडी स्टेशनात अर्धं मिनिटसुद्धा थांबत नाही, आणि आपली माणसं तर लग्नाच्या पंगतीतून उठायलाही दहा मिनिटं घेतात. म्हणून सोप्यावर रंगीत तालीम होते. दिवाण म्हणजे डबा, उंबरा म्हणजे दार. तात्या घड्याळ धरून ओरडतात, “पुढचं स्टेशन भायखळा! दाराशी या!” पोरं माकडासारखी उड्या मारून उतरतात. सूनबाई बाळासकट उतरतात. आजी दिवाणावरच.

“आई, गाडी सुटली. तुम्ही राहिलात.”

“राहू दे,” आजी सुपारी कातरत म्हणतात. “मी शेवटाला उतरीन. तिथनं पुढं जायला गाडीला रूळच नाहीत म्हणं.”

पुऱ्या वहीत ज्याला तोड नाही असं हे एकच वाक्य. तात्या ते ऐकलं न ऐकलं करतात आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटे कल्याणला येते तेव्हा तात्या तासभर आधीच बूट घालून दारात उभे असतात. पुढं सगळं वहीबरहुकूम. दहा चाळीसला सर्वांनी लघवी, लागो न लागो. धाकटीला ती अकरा पाचला लागते, आणि तात्या तिच्याकडे असं बघतात की जणू तिनं खात्याचा ठराव फेटाळलाय.

राणीच्या बागेच्या खिडकीशी नवरा-बायको आणि दोन पोरं अशा चौघांचं मिळून स्वस्तात तिकीट आहे, हे तात्यांना घरूनच माहीत. पण आपल्या घरात माणसं अशी चौघा-चौघांत कुठं बसतात? मग भर उन्हात कुटुंबाची फेररचना होते. बिनलग्नाच्या धाकट्या भावाला दोन भाचरं आणि एक विधवा आत्या मिळते. आत्या पदर खोचून म्हणते, “पन्नास रुपयांसाठी माझा संसार मांडतोस होय रे?” आत गेल्यावर पेंग्विनच्या काचेसमोर वहीत वीस मिनिटं आहेत. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली कोरियातून आले, इथपर्यंत तात्यांची माहिती पोचते. पुढचं कुणी ऐकत नाही. त्या हॉलमधला गारवा अंगाला लागल्यावर मे महिन्यात बाहेर कोण पडतो? पोरं काचेला नाक लावून उभी, मोठी माणसं भिंतीला टेकून अर्धवट डोळे मिटलेली. तात्या एकटेच दाराशी, घड्याळाकडे बघत, घाम पुसत.

घारापुरीला लाँच, जेट्टीवरची झुकझुक गाडी, मग शंभर-सव्वाशे पायऱ्या. अर्ध्या वाटेवर कठड्यावरनं एक माकड शांतपणे उतरतं, तात्यांच्या पिशवीत हात घालतं आणि घरून बांधून आणलेल्या भडंगाचा पुडा काढतं. तेही फाडत नाही, दोऱ्याची गाठ सोडतं. शेंगदाणे वेचून खातं, कुरमुरे खाली टाकतं. पोरं टाळ्या पिटतात. त्रिमूर्तीसमोर ती जेवढा वेळ थांबतात, त्याच्या दुप्पट वेळ इथं थांबतात. तात्या हताश होऊन म्हणतात, “अरे, ते साडेचारचं होतं.”

लाँच परत गेटवेला लागते तेव्हा सगळे गळालेले असतात. तात्या मात्र कमानीखाली पोरांना रांगेत उभं करतात. त्यांच्या मते ही वास्तू म्हणजे ढिसाळ नियोजनाचा नमुना. “राजा आला १९११ ला. पाया घातला १९१३ ला. कमान झाली १९२४ ला. पाहुणा येऊन गेला आणि मग मांडव! बिचाऱ्याला पुठ्ठ्याची कमान दाखवून भागवलं.”

“मग तात्या, राजा कमान होईपर्यंत थांबला का नाही?” धाकटी विचारते.

“थांबतोय कसला!” तात्या म्हणतात. “परतीचं रिझर्व्हेशन झालेलं असणार.”