रेफरन्स की पॉइंटर? तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्रीची मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका सांगलीच्या वालचंद कॉलेजात, साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकीत किंवा मधल्या कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यात कुठेही सी प्लस प्लस शिकणाऱ्या आणि उद्या सकाळी तोंडी परीक्षा असलेल्या सर्वांसाठी आहे. ज्यांची परीक्षा परवा आहे त्यांनी उद्या रात्री वाचावी. आज वाचलेलं परवापर्यंत टिकत नाही.

साहित्य: एक वही, एक कंपायलर, पाव किलो सातारी कंदी पेढे. पेढे कंपायलरला चालत नाहीत. ज्याला पॉइंटर कळतात अशा रूम पार्टनरसाठी ते आहेत.

पायरी पहिली. मनानं हरिपूरला जा. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणत. पेव म्हणजे तुमचं व्हेरिएबल, आतली हळद म्हणजे त्याची किंमत. एका पेवाला गावात दोन नावं असली, एक 'नदीकडचं' आणि दुसरं 'आप्पांचं', तर दुसरं नाव हा रेफरन्स. पेवाचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात घातलात तर ती चिठ्ठी हा पॉइंटर. चिठ्ठी ही स्वतःच एक वस्तू आहे. ती जागा अडवते, कोरी असू शकते, तिच्यावरचा नंबर खोडून दुसरा लिहिता येतो. नावाच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही.

पायरी दुसरी. 'इंट हळद = 50' लिहा आणि खाली 'इंट &आप्पा = हळद'. आता आप्पाला 60 दिले की हळद 60 होते. नुसतं 'इंट &आप्पा' लिहून पुढे गेलात तर कंपायलर तिथेच हात धरतो: कुणाचं नाव ते सांग, मग पुढं जा. पॉइंटरला अशी शिस्त नाही. फंक्शनच्या आत 'इंट *चिठ्ठी' एवढंच लिहिलं तरी चालतं, आणि स्टॅकवर त्या जागी आधीचा जो कचरा पडलेला असेल तोच पत्ता मानला जातो. म्हणून पॉइंटर जाहीर करतानाच पत्ता द्या, नसेल तर नलपॉइंटर द्या. एक उपसूचना: 'इंट* पी, क्यू' असं लिहिलंत तर पॉइंटर फक्त पी होतो, क्यू साधा इंटच राहतो. यावर परीक्षकांचं फार प्रेम असतं.

आता ती जागा, जिथे निम्मा वर्ग घसरतो. 'इंट गूळ = 10' असं दुसरं व्हेरिएबल घ्या आणि लिहा, 'आप्पा = गूळ'. आप्पा आता गुळाकडे गेले असं वाटेल. आप्पा जागचे हललेले नाहीत. गुळाची किंमत हळदीच्या पेवात ओतली गेली, हळद 10 झाली आणि कंपायलरनं चकार शब्द काढला नाही. रेफरन्स एकदा बांधला की बांधला. ज्याला वाटेत पेव बदलायचं आहे, उदाहरणार्थ लिंक्ड लिस्टमधून पुढे सरकताना, त्यानं चिठ्ठीच वापरावी.

पायरी तिसरी, आकार. 'पॉइंटर किती बाइटचा?' असं विचारलं तर आधी परीक्षक कुठल्या काळात राहतात ते ओळखा. जुन्या टर्बो कंपायलरच्या निळ्या पडद्यासमोर बसले असतील तर 2, 'फार' प्रकारचा पॉइंटर असेल तर 4. आजच्या 64 बिट यंत्रावर 8. रेफरन्सला सायझऑफ लावला तर मूळ व्हेरिएबलचा आकार येतो. 'रेफरन्स जास्त वेगवान ना?' या प्रश्नावर नम्रपणे 'नाही' म्हणा. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर लोकल रेफरन्ससाठी कंपायलर बहुतेक वेळा वेगळी जागाच ठेवत नाही, आणि साध्या कामात पॉइंटरचीही तीच गत होते. मग रेफरन्स आणला कशाला? सी प्लस प्लसचे कर्ते स्ट्राउस्ट्रुप यांनी 1980च्या दशकात तो भाषेत घातला तो मुख्यतः ऑपरेटर ओव्हरलोडिंगसाठी. मोठ्या वस्तूंची बेरीज लिहिताना दर वेळी पत्त्याची खूण मारावी लागू नये, हा हेतू. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी पॉइंटरवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. नुसत्या रेफरन्सवर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. त्याला तेवढं समजावून सांगावं लागत नाही, हेच त्याचं मोठेपण.

पायरी चौथी खरं तर पहिली हवी होती, पण मग पुढचं कुणी वाचलं नसतं. 2005च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली. पेवच गेल्यावर चिठ्ठी कामाची नाही, आणि 'आप्पांचं पेव' हे नावही कामाचं नाही. लोकल व्हेरिएबलचं तेच. फंक्शन संपलं की त्याची स्टॅकवरची जागा मोकळी झाली, पुढचं फंक्शन तिथे येऊन बसलं. तुम्ही त्याचा पॉइंटर परत केला असेल तर चूक, रेफरन्स केला असेल तरी तेवढीच चूक. वाईट म्हणजे लॅबमध्ये उत्तर बरोबरही येऊ शकतं, आणि परीक्षक मागे उभे राहिले की बिघडतं. व्हेक्टरच्या पहिल्या घटकाला लोकल रेफरन्स बांधून खाली पुशबॅक केलंत आणि व्हेक्टरनं जागा बदलली, तरी हाच महापूर. 2015 साली 1.0 आवृत्ती आलेली रस्ट ही भाषा तिच्या साध्या रेफरन्सच्या बाबतीत असला प्रोग्राम कंपाइलच होऊ देत नाही. सी प्लस प्लसमध्ये वॉर्निंग येते, तीही प्रत्येक वेळी नाही, आणि ती वाचायची आपल्याकडे पद्धत नाही.

तेव्हा फंक्शनच्या आत दुसरं नाव हवं असेल, लांबलचक घटकाला किंवा फॉर लूपमध्ये, तर रेफरन्स. बदलायचा नसेल तर कॉन्स्ट रेफरन्स. 'असेल किंवा नसेल' अशी शक्यता असेल किंवा पत्ता बदलायचा असेल तर पॉइंटर. आणि लोकल व्हेरिएबल बाहेर पाठवायचं असेल तर दोन्ही नकोत, सरळ किंमत परत करा. 2011च्या मानकात मूव्ह आल्यापासून भला मोठा व्हेक्टर परत करणंही स्वस्तात होतं.