पैलवानाच्या पायात चेंडू

वारणानगरात दोन हंगाम चालतात, एक उसाचा आणि दुसरा कुस्तीचा. दोन्ही दिवाळीच्या आगेमागे धरतात आणि पावसाच्या तोंडावर संपतात. १३ डिसेंबरला, साखर कारखान्याचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला, वारणेचं कुस्ती मैदान भरतं तेव्हा कारखान्याची चिमणीही ऐन भरात असते. फरक पडतो तो जूनमध्ये. गाळप थांबलं की कारखाना स्वतःला उघडतो. मिलचे रोलर उतरतात, झिजलेलं बदललं जातं, हंगामात जिथे हात पोचला नाही तिथे पाना पोचतो. पैलवान मात्र पावसाळाभर तेच जोर, त्याच बैठका, त्याच सपाट्या मारत राहतो आणि त्याच जोडीदाराच्या मानेवर तोच हात टाकतो. ऊस संपल्यावरही रिकामी मिल फिरवत बसलेला कारखाना सभासदांना वार्षिक सभेत चालला नसता. पैलवानाचं मात्र कौतुक होतं, मेहनती आहे म्हणून. माझं म्हणणं एवढंच की पावसाळ्यात पैलवानाने दुसरा खेळ खेळावा, आणि तो फुटबॉल असावा.

यावर पहिली हरकत अशी येईल की ही साहेबी खुळं आहेत, आपल्या मातीत असलं काही नव्हतं. होतं की! दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब रूढ केला तो पैलवानांना पूरक म्हणूनच. गुळगुळीत, तेल लावलेला, कधीही न थकणारा आणि पंचाकडे तक्रार न करणारा प्रतिस्पर्धी त्यांनी जमिनीत पुरून ठेवला. पुढे त्या खांबाचा स्वतंत्र खेळ झाला, स्पर्धा आल्या, पदकं आली, आणि मूळ गिऱ्हाईक असलेला पैलवान पायउतार झाला. कोल्हापुरात तर याहून मोठा प्रयोग झालेला आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं आज शाहू स्टेडियमवर ज्या त्वेषाने घुमतात तो त्वेष कुस्तीचा नसून फुटबॉलचा आहे. नाव तालमीचं आणि पायात बूट, हे दृश्य परक्या माणसाला समजावून सांगायला अर्धा तास लागतो. कोल्हापूरकराला त्यात समजावण्यासारखं काही आहे हेच पटत नाही.

इथे जाणता वस्ताद मला बरोबर पटात धरेल. तो म्हणेल, हेच तर आमचं दुखणं आहे. चेंडू पाहुणा म्हणून आला आणि घरमालक झाला. हे खरं आहे, आणि ते नाकारून मला डाव सोडवता येणार नाही. पण हे घडलं कारण पोरांनी दोहोंतलं एक निवडलं. मी निवड करायला सांगत नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलचा हंगामही कुस्तीसारखाच हिवाळ्या-उन्हाळ्यातला, त्यामुळे पावसाळ्यात कुठला संघ पैलवानाला पळवून नेईल ही भीती नाही. मैदानात गुडघाभर चिखल असताना खेळायला येतात ती फक्त हौशी माणसं, आणि हौशी माणसं करार करत नाहीत.

मग फुटबॉलच का, कबड्डी का नको? कबड्डी अंगाला सोसते, आपली आहे, शिवाय पैलवान तिथे उठून दिसतो. हेच तिच्याविरुद्धचं कारण आहे. कबड्डीत पुन्हा पकडच. आणि खेळ सोडून शेतात भातलावणीला गेला, तरी पुन्हा कमरेत वाकणंच. कुस्ती हा पकडीचा आणि हातभर अंतराचा खेळ. नजर समोरच्याच्या कमरेवर, पाय जमिनीत, पंजा मनगटावर. ज्या खेळात हात लावणं हाच गुन्हा, तो खेळ पैलवानाची सगळी पुंजी एका शिट्टीत गोठवतो. समोरचा माणूस त्याला धरता येत नाही, नुसता जाऊ द्यावा लागतो. चेंडू पाठीमागून येतो, म्हणून मान वळवावी लागते, आणि मान न वळवण्यातच तर त्याचं आजवरचं आयुष्य गेलेलं असतं. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. तिथे शेवटच्या मिनिटाला छाती भात्यासारखी हलायला लागली की अंगातला ढाक डाव अंगातच राहतो. हळू, जोरात, थांबून, पुन्हा जोरात असं तासभर पळण्याने दम जसा लवकर परत येऊ लागतो तसा नुसत्या बैठकांनी येत नाही.

खुराकाचा मुद्दा भावनेचा आहे, म्हणून तो हळुवारपणे हाताळतो. बदाम-खसखशीची थंडाई, तूप, मटण यांवर घरच्यांनी लावलेला पैसा पोरगं चेंडूमागे पळून जिरवणार, हे बापाला कसं बघवेल? पण जो खुराक पळाल्याने जिरतो तो बहुधा अंगी लागलेलाच नसतो, पोटी लागलेला असतो. वस्तादांना हे माहीत असतं. बापासमोर ते बोलत नाहीत.

राहिली दुखापत. इथे विरोधकांचा पुरावा भक्कम आहे. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल खेळायचा. १९३८ मध्ये फुटबॉल खेळतानाच त्याचा गुडघा दुखावला आणि पुढे त्या गुडघ्याची वाटीच काढावी लागली. मात्र त्याआधी त्याच दुखऱ्या गुडघ्यावर त्याने १९४७ च्या एका मोसमात १८ शतकांसह ३८१६ धावा केल्या, हेही त्याच खात्यावर मांडायला हवं. आपल्याकडे चुनी गोस्वामींनी १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या फुटबॉल संघाचं नेतृत्व केलं आणि पुढे बंगालला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून १९९४ मध्ये बेसबॉल खेळला. अगदीच बेताचा खेळला, लोक हसले, आणि परत येऊन १९९६, ९७, ९८ अशी सलग तीन विजेतेपदं घेऊन गेला. बेसबॉलमुळेच ती मिळाली असं मी म्हणणार नाही. त्याने काही बिघडलं नाही, एवढं मात्र नक्की. आणि घोटा मुरगळायचा तर तो तालमीच्या पायरीवरही मुरगळतो.

तेव्हा वारणा खोऱ्यातल्या वस्तादांना विनंती आहे की यंदा मृगाचा पाऊस पडला की आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरांना चेंडू द्यावा. आणि पैलवानाच्या संघातल्या इतर दहा जणांना आणखी एक विनंती: अंगाची रुंदी पाहून पैलवानाला गोलात उभं करू नका. तिथे हात चालतात.