दोन नंबरवाले डॉक्टर

कनेरगाव नाक्यावर डॉक्टरसाहेबांचं दोन नंबरचं काहीतरी चालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नेमकं काय चालतं, एवढंच कुणाला ठाऊक नाही. रात्री साडेदहाला दवाखान्याचं शटर अर्धं खाली येतं, आत लॅपटॉपचा निळा उजेड पडतो आणि साहेब फोनवर कुणाला तरी दरडावतात, "अरे, या पेपरचा रिव्ह्यूअर नंबर दोन मीच आहे!" बास. सकाळपर्यंत बातमी हिंगोलीकडे आणि वाशीमकडे, दोन्ही बाजूंनी सुटते.

नाक्याला तसं नवल वाटायला नको. एकेकाळी निजामाचं राज्य इथे संपायचं आणि पैनगंगेपलीकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड लागायचं. आलेला माल अडवायचा, खोलून बघायचा, शंका काढायच्या आणि मग सोडायचा, साहेब तरी दुसरं काय करतात? वैद्यकीय नियतकालिकांकडे आलेले शोधनिबंध छपाईआधी तपासतात. मुदत दोन आठवडे, मानधन शून्य. लेखकाला तपासणाऱ्याचं नावही कळत नाही. ब्रिटनच्या 'बीएमजे'ने १९९९ पासून ते कळवायला सुरुवात केली, पण साहेबांना ती पद्धत पसंत नाही. निनावी राहूनच माणूस खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

अशा डॉक्टरांची एक जातच असते. एम.डी. करताना त्यांची एखादी केस कुठेतरी छापून येते. साहेबांची फवारणीच्या विषबाधेची होती. तेवढ्यावर संपादकाच्या यादीत नाव चढतं ते चढतंच. मतदार यादीतून जित्या माणसाचं नाव उडतं, या यादीतून मेल्यावरही उडत नसावं.

साहेब बिघडले ते एका प्रयोगाची हकीकत वाचून. 'बीएमजे'च्या फिओना गॉडली यांनी एका निबंधात मुद्दाम आठ दोष ठेवून तो ४२० समीक्षकांकडे पाठवला. २२१ जणांनी अभिप्राय दिला, आणि सरासरी दोष सापडले दोन! १९९८ साली हे छापून आलं. ते वाचल्यापासून साहेब प्रत्येक निबंधात आठ चुका काढतात. सात निघाल्या तर जेवण जात नाही. मग आठवी तक्त्याखालच्या तळटिपेत, नाहीतर स्वल्पविरामात गाठतात.

याची झळ पेशंटलाही लागते. रात्री विंचू चावलेला गडी बोंबलत येतो. साहेबांचे हात झपाझप चालतात, नाडी, रक्तदाब, औषध, सगळं वेळेवर. पण तोंड वेगळंच चालू असतं. "विंचू तू स्वतः पाहिलास, की ऐकीव माहिती आहे? रंग कुठला? मारून आणला असतास तर पुरावा झाला असता." गडी कळवळतो, "साहेब, त्याचं काय घिऊन बसले, मला वाचवा!" विंचवाबाबत त्यांना हलगर्जी खपत नाही, कारण त्यांचं दैवत डॉ. हिंमतराव बावस्कर. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचा माणूस महाडकडे विंचवाचे रोगी तपासतो आणि १९८२ साली 'लॅन्सेट'सारखं नियतकालिक त्याचं लिखाण छापतं! "तेही कुण्या अनोळखी माणसाने रात्री जागून वाचलंच असेल ना?" साहेब विचारतात. इथे मात्र मीही हसत नाही.

हळदीचा प्रसंग तर नाक्यावर सगळ्यांना पाठ आहे. हळदीने गुडघेदुखी थांबते, असा निबंध साहेबांकडे आल्याचं कंपाउंडरने फोडलं. हिंगोली जिल्हा हळदीचा. दुसऱ्या दिवशी एक अडत्या दारात हजर. "साहेब, तेवढं पास करून टाका. भाव वाढंल." साहेबांनी त्याला बाकावर बसवून सुनावलं, "१९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघांना जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट मिळालं. माशेलकरांच्या सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करवलं. कशाच्या जोरावर? संदर्भांच्या! त्यात १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला निबंध होता. आणि या पठ्ठ्याच्या संदर्भयादीत तोच नाही!" अडत्याने सगळं शांतपणे ऐकलं. "ते समदं खरं हाय," तो म्हणाला, "मंग भाव?"

साहेबांना या धंद्यातून मिळतं एकच. दुरुस्त निबंधासोबत लेखकाचं उत्तर येतं, मुद्देसूद, प्रत्येक मुद्द्याआधी समीक्षकाचे आभार. लेखक परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलचा विभागप्रमुख असतो. दात-ओठ खात लिहितो, पण आभार मानतो. आठ चुकांचे आठ वेळा आभार. नाक्यावर पन्नास रुपये फीवरून घासाघीस करणाऱ्यांत दिवस काढल्यावर साहेब ते पत्र वहिनींना मोठ्याने वाचून दाखवतात. वहिनी लसूण सोलत म्हणतात, "आभार मानले ना, मग आता सोडा बिचाऱ्याला."

परवा एका नियतकालिकाने प्रमाणपत्र पाठवलं. साहेब ते छापायला झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेले. त्याने विचारलं, "किती भेटले यायचे?"

"काही नाही."

"रंगीत प्रिंटचे वीस, लॅमिनेशनचे तीस. म्हंजे पन्नास तुमचेच गेले. असा कसा दोन नंबरचा धंदा, साहेब?"

साहेबांचं लक्षच नव्हतं. कागद मशीनच्या तोंडाशी गेला होता, तेवढ्यात त्यांनी झडप घालून तो ओढला. "थांब! तारखेचा फॉरमॅट वर एक आहे, खाली दुसराच." आणि तिथल्याच स्टुलावर बसून त्यांनी संपादकाला मेल लिहायला घेतला. मुद्दा क्रमांक एक.