होतला, डायरेक्टरानू!

2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आकेरीच्या एका वाड्यात चित्रित झाली आणि सिंधुदुर्गातल्या प्रत्येक पडक्या घराला आपण हिरो असल्याचा साक्षात्कार झाला. मग मुंबई-पुण्याहून शॉर्टफिल्मवाले येऊ लागले. खांद्याला कॅमेरा, खिशात डिझेलपुरते पैसे आणि तोंडात ‘आम्हाला अस्सल कोकण हवंय’. ते अस्सल कोकण पुरवणारा एकेक इसम आता गावोगाव तयार झाला आहे. आमच्या मसुऱ्यातल्या नमुन्याला सगळे भाई म्हणतात.

भाईंचा मूळ धंदा कोणता हे कोणालाच नीट सांगता येत नाही. थोडी कलमं आहेत, एक तीनचाकी टेम्पो आहे, हंगामात मंडपाचं काम असतं. शूटिंग आलं की ते लाईन प्रोड्यूसर होतात. दिग्दर्शक पोरगा काहीही मागो, उत्तर एकच: “होतला, डायरेक्टरानू. आधी जेवा.”

पोरगा लॅपटॉपवर तक्ता उघडून फेब्रुवारीतले चार दिवस दाखवतो. भाई रंगीत चौकोनांकडे कौतुकाने बघतात आणि विचारतात, “देवीक विचारल्यात?” आंगणेवाडी मसुऱ्याचीच वाडी. तिथल्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही. कौल घेऊन तारीख जाहीर होते आणि मग लाखो माणसं ह्याच रस्त्यांवर उतरतात. जिथे जत्रेची तारीखसुद्धा देवीला विचारून निघते, तिथे तक्त्याला कोण विचारतो? मे महिन्यात चाकरमानी, पुढे पाऊस, भाद्रपदात गणपती. तुळशीच्या लग्नानंतर दशावताराचे नट रात्रभर उभे असतात आणि दिवसा झोपतात. उरतील त्या दिवसांत सिनेमा.

मग घर. पटकथेतलं चौसोपी घर तीन भावांच्या वंशजांचं निघतं. ओटा एकाचा, माजघर दुसऱ्याचं, परडं तिसऱ्याचं, तुळस सामाईक. एक विरारला, एक लालबागला, तिसरा गावात, पण पहिल्या दोघांशी बोलत नाही. भाई तिघांनाही फोन करतात आणि प्रत्येकाला सांगतात की बाकीच्या दोघांनी नकार दिलाय. तासाभरात तिन्ही परवानग्या येतात.

गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 साली रंगभूमीवर आलं आणि गावात नाटक बसवण्याच्या उपद्व्यापावर सारा महाराष्ट्र हसला. भाई त्या नाटकाला कधीच हसत नाहीत. त्यांच्या लेखी ते कामाचं पाठ्यपुस्तक आहे.

भाईंची खरी परीक्षा लागली ती विधवेच्या भूमिकेसाठी. वाडीतली कोणतीही सवाशीण कॅमेऱ्यासमोर कुंकू पुसायला तयार होईना, आणि ज्यांनी खरंच पुसलं होतं त्यांना विचारायला भाई तयार होईनात. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना बाकीचं बरंच माफ केलं आहे. शेवटी त्यांनी दशावतारातला एक मुरलेला स्त्रीपार्टी नट आणला. पोरगा चाचरला, “काका, पण आम्हाला ऑथेंटिक...” भाई म्हणाले, “ह्याच्यापेक्षा ऑथेंटिक बाईलमाणूस जिल्ह्यात गावचा नाय.”

खरंच नव्हतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, संवाद उभ्या उभ्या सुचतात. पोरग्याने लिहिलेल्या दोन ओळींवर ह्या गृहस्थांनी असा विलाप केला की बूम धरलेला मुलगा डोळे पुसू लागला आणि बूम फ्रेममध्ये आला. दुसऱ्या टेकला विलाप अगदी नवा. पहिल्या टेकमध्ये नवरा तापाने गेला होता, दुसऱ्यात कालावलच्या खाडीत बुडाला. कंटिन्युइटी सांभाळणारी मुलगी वही मिटून बसली. “आधीसारखंच करा ना,” अशी विनवणी झाली तेव्हा नट खरोखर दुखावला. “एकदा रडलंय ता परत तसाच कित्याक रडू?” शिवाय ‘कट’ म्हटल्यावर तो थांबेच ना, रात्रीच्या खेळात असं मध्येच कोण ओरडतं? भाईंनी टेम्पोतून झांज काढली. ह्यापुढे ‘कट’च्या जागी झांज वाजायची आणि बाई पदर सावरून विडी पेटवायच्या.

तंत्रज्ञांचं एका वाक्यात सांगतो: ड्रोन उडवणारा लग्नाचे व्हिडिओ करणारा होता आणि अंत्ययात्रेतल्या माणसांनाही तो “जरा हसा” म्हणत होता.

पैशांबाबत भाईंचं शास्त्र स्वतंत्र आहे. “पैसे दिलास तर गडी, जेवाण दिलास तर पावणो.” पाहुणा रात्री उशिरापर्यंत उभा राहतो, गडी सहाला घरी जातो. हे शास्त्र बजेटला सोयीचं आहे हे उघड आहे. पण दशावतारी नटाची नाईट आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईची मजुरी भाई पहिल्याच दिवशी पोरग्याकडून रोख मोजून घेतात. बाकीच्यांना कोंबडी-वडे, सोलकढी आणि पडद्यावर नाव.

त्या नावांनीच घात केला. पोरग्याने यादी सिनेमाच्या रीतीने लावली होती: दिग्दर्शक, छायाचित्रण, संकलन. भाईंनी ती परत केली. देवळात नारळ ज्या क्रमाने दिला जातो तोच क्रम पडद्यावर हवा. आधी गावकर, मग मानकरी, मग घराचे तिन्ही हिस्सेदार आणि तेही वडीलकीने. दिग्दर्शक? तो बाहेरचा, तो शेवटी. सिनेमा सतरा मिनिटांचा आणि नावं साडेचार मिनिटांची झाली. एवढं करूनही ध्वनिमुद्रणाच्या वेळी ज्याचा कोंबडा दोन दिवस टोपलीखाली कोंडून ठेवला होता, त्या शेजाऱ्याचं नाव राहिलंच. तो आता भाईंच्या फोनला उत्तर देत नाही, आणि पुढच्या पोरग्याच्या पटकथेत नेमकी त्याचीच विहीर आहे.