वारसा विकणे आहे, स्वतः येऊन न्यावा

अमेरिकेत जुना टेबल सॉ (टेबलात बसवलेली, लाकूड कापायची यांत्रिक करवत) विकणारा कधी यंत्र विकत नाही; तो आजोबांचा वारसा विकतो. डेल्टा कंपनीचा युनिसॉ १९३९ साली आला, आणि गॅरेजमधला प्रत्येक युनिसॉ जणू त्याच वर्षीचा. पाटीवर रॉकवेलचं नाव ठसठशीत असलं तरी! (रॉकवेलने डेल्टा घेतली १९४५ मध्ये. पण वारशाला तारखा विचारू नयेत.)

बिडाच्या टेबलावरचा गंज नेहमी 'वरवरचा', तासाभरात निघणारा. तो तासभर विक्रेत्याला आजवर का मिळाला नाही, हे विचारणं असभ्यपणाचं. 'सगळे भाग मूळचे' असतात, फक्त पात्यावरचं संरक्षक झाकण हमखास हरवलेलं. मोटर थ्री फेज, कारण यंत्र कुठल्याशा शाळेच्या वर्कशॉपमधून आलेलं. घरात वीज सिंगल फेज. म्हणजे 'उत्तम चालू स्थितीत' असलेलं हे यंत्र चालू करून काही दाखवता येत नाही.

घेणाराही काही भोळा नसतो. बघताना नाक मुरडतो, गंजावर बोट फिरवून सुस्कारा टाकतो, निम्म्या भावात पदरात पाडून घेतो. पुढे विकायची वेळ आली की त्यालाही अचानक आजोबा आठवतात.

तरीही घ्यायचाच असेल तर पट्टा काढा, पात्याचा दांडा हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंगचे पैसे आधी वजा करा. आणि उचलायला माणसं घेऊन जा. धूड दीडशे किलोंच्या वर आहे, आणि विक्रेत्याची कंबर त्याच दिवशी धरलेली असते.