शंभर टक्के झालं, ताबा नंतर

लिनक्सवर पेनड्राइव्ह रखडतो, अशी तक्रार करणाऱ्यांची एक गंमत असते. त्यांची तक्रार फक्त शेवटच्या पाच टक्क्यांबद्दल असते. पहिले पंच्याण्णव टक्के डोळ्यांदेखत भुर्रकन गेले, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

संशय तिथेच यायला हवा होता.

तीन-चारशे रुपयांचा पेनड्राइव्ह सेकंदाला चारशे एमबी गिळतो, यावर तुमचा विश्वास बसतोच कसा?

तो गिळत नसतोच. तुम्ही फाइल ओढून टाकता, लिनक्सचं कर्नल ती आधी रॅममध्ये ठेवून घेतं आणि कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला सांगतं, झालं! पेनड्राइव्हवर प्रत्यक्ष लिहिण्याचं काम मागाहून, सावकाश. उपलब्ध मेमरीच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत असा न लिहिलेला माल साठवायची मुभा असते. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा आकडा अडीच-तीन जीबीच्या घरात जातो. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहिणारा असेल, तर तेवढा माल उतरवायला चार-पाच मिनिटं.

बिल्डर नाही का, ‘काम शंभर टक्के पूर्ण’ असा फलक लावतो. ताब्याचं विचारलं की गप्प.

ही २० टक्क्यांची मुभा आली कुठून? २०१३ साली नेमकी हीच तक्रार पुढे आली, तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सांगून टाकलं की टक्क्यांची ही कल्पना ८ ते ६४ एमबी मेमरीच्या जमान्यातली आहे. तेव्हा २० टक्के म्हणजे चिल्लर होती. मेमरी गीगाबाइटमध्ये गेली, टक्के मागेच राहिले.

खरं काय ते बघायचंय? टर्मिनल उघडा आणि ‘मेमइन्फो’ फाइलमधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळींवर नजर ठेवा. कॉपीची प्रगती दाखवणारी पट्टी शंभरवर जाऊन बसलेली असते आणि इथे मात्र लाखो केबी अजून रांगेत उभे असतात. आकडा हळूहळू उतरतो. तोच तुमच्या पेनड्राइव्हचा खरा वेग.

पण एवढा धीर कुणाला? ‘डेटा लिहिला जात आहे, काढू नका’ अशी सूचना पडद्यावर झळकते आणि तोवर पेनड्राइव्ह आपल्या खिशात असतो.

पुढच्या वेळी फाइल उघडत नाही. दोष कुणाचा? अर्थात लिनक्सचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘विंडोजवर असं होत नाही’ हे पुढचं वाक्य. बरोबर आहे, होत नाही. २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तिथे पेनड्राइव्हसाठी हे साठवून लिहिणं मुळातच बंद असतं. म्हणजे पट्टी पहिल्या टक्क्यापासून रडतरखडत जाते. एकूण वेळ जवळपास तेवढाच. तिथे रडगाणं आधी, इथे नंतर.

आता पट्टी सोडा, पोर्टकडे बघा. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘-टी’ जोडून चालवा. पेनड्राइव्हच्या ओळीत ५००० दिसले तर ठीक. ४८० दिसले तर तो यूएसबी २ वर लटकलाय. ४८० म्हणजे मेगाबिट. आठाने भागा, ६० एमबी. प्रत्यक्षात हाती पडतात ३५-४०.

यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात लावूनही ४८०? पुन्हा लावा, जरा झटक्यात. यूएसबी ३ च्या जादा पाच धातूच्या पट्ट्या आत खोलवर असतात. हळुवार सरकवलंत तर जुन्या पट्ट्या आधी टेकतात आणि लॅपटॉप पेनड्राइव्हलाच यूएसबी २ समजून बसतो. प्रेमाने वागायलाही जागा पाहावी लागते.

नावांवर तर जाऊच नका. ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १. तिन्हींचा वेग तोच, सेकंदाला ५ गीगाबिट. एकाच पोराचं तीनदा बारसं!

पेनड्राइव्हचं खोकं त्याहून बेरकी. ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो. तुम्हाला हवा असतो लिहिण्याचा. शिवाय काही पेनड्राइव्ह पहिले काही जीबी झपाझप घेतात, कारण थोडी जागा वेगवान साठ्यासारखी वापरलेली असते. ती भरली की मूळ स्वभाव बाहेर.

आणि काही शे रुपयांत २ टीबी मिळाले असतील तर वेगाची चिंताच करू नका. ‘एफ३’ नावाचं मोफत साधन पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतं. मग वेगाचं सोडाच, जागा तरी आहे का, एवढंच विचारायचं उरतं.

बऱ्याचदा गुन्हेगार आपणच गोळा केलेला असतो. एक मोठा लग्नाचा व्हिडिओ बरा, पण सुप्रभातच्या दहा हजार फोटोंचं ओझं पेनड्राइव्हला झेपत नाही. दर फाइलमागे नोंद, दर नोंदीमागे लिखाण. सगळ्यांची एकच ‘टार’ फाइल बांधा आणि मग पाठवा. किंवा पुसून टाका. कुणाचं काही अडणार नाही.

फॉरमॅटचं? फॅट३२ ला ४ जीबीची फाइल पेलत नाही, हे एव्हाना सगळ्यांना ठेच लागून कळलंय. एक्सफॅटसाठी २०२० मध्ये कर्नल ५.७ बरोबर सॅमसंगचा ड्रायव्हर आला, एनटीएफएससाठी २०२१ मध्ये ५.१५ बरोबर पॅरागॉनचा. ‘लिनक्सला हे जमत नाही’ म्हणणारे अजून त्याआधीच्या साली राहतात.

आता उपायवाले. ‘सिंक’ हा पर्याय लावून माउंट कर, असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. मग बारीकसारीक लिखाणही तिथल्या तिथे होतं, वेग आणखी बसतो आणि फ्लॅश झिजते ती वेगळीच.

कर्नलच्या ‘डर्टी बाइट्स’ या सेटिंगमध्ये टक्क्यांऐवजी पन्नासएक एमबीची ठाम मर्यादा घालता येते. तो उपाय चांगला आहे. वेग वाढत नाही, पण पट्टी थापा मारायची थांबते. लॅपटॉप मध्येच गोठतो, तेही कमी होतं.

मात्र हे सगळं करूनही सेकंदाला ८ एमबीच मिळत असतील, तर तो बिघाड नव्हे. ती लायकी.

नवा घ्या. या वेळी खोक्यावर लिहिण्याचा वेग शोधा. छापलेलाच नाही?

मग मिळालं की उत्तर.