चिखलदरा पक्का

होळी झाली की अमरावती-अकोल्याच्या घराघरांतले कूलर गच्चीवरून खाली येतात. जुन्या ताट्या निघतात, नव्या बसतात, मोटर अजून जिवंत आहे का ते पाहिलं जातं. त्याच आठवड्यात कोणती तरी मैत्रीण फोनवर म्हणते, "अवं, यंदा तरी चिखलदऱ्याले जाऊ न. फक्त आपण आपण." मग कूलर चार महिने चालतो, आणि चिखलदऱ्याची चर्चाही तेवढीच चालते.

आम्ही पाचजणी, एकाच कॉलेजातल्या. तिघी अमरावतीत राहिल्या, दोघी लग्न होऊन अकोल्याला गेल्या. आता एक बँकेत आहे, एक शाळेत गणित शिकवते, एकीचं औषधांचं दुकान आहे, एक नुकतीच सासू झाली आहे आणि उरलेली मी. आमच्या ग्रुपचं नाव 'चिखलदरा पक्का'. दुकानवालीने मागे फोन बदलला, त्यात काय झालं कोणास ठाऊक, सगळ्याजणी बाहेर पडलो आणि नवा ग्रुप करावा लागला. त्याचं नाव 'चिखलदरा पक्का 2'. पहिला पक्का होता तर दुसऱ्याची गरज का पडली, हे सासूबाई झालेलीने विचारलं. तिला आजकाल सगळ्याच गोष्टींत खोट दिसते.

उन्हाळ्यातच का, हे वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगावं लागतं. अकोल्याचा पारा 45 च्या पुढे गेला की टीव्हीवाले आमचं नाव घेतात. एरवी घेत नाहीत. नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि दिसलीच तर तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटीवर निघालेली बाई दिसते. अशात विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण अमरावतीपासून शंभर किलोमीटरच्या आत असणं म्हणजे सुखच. गणितवालीने मात्र या सुखाचाही हिशेब काढला. अमरावती समुद्रसपाटीपासून 343 मीटर, चिखलदरा 1,118. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पावणेआठशे मीटरला पाच अंश. "पंचेचाळीसातून पाच गेले, चाळीस राह्यले. चाळीस अंशासाठी एवढी धडपड कायले करून रायलो आपण?" ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. शेवटी बँकवालीने लिहिलं, "अवं, रातचं काय ते पाह्य न. दुपारी झोपूनच रायतो आपण." रात्री वर पंखा बंद करावा लागतो, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही.

ठिकाणावरून वाद व्हायलाच हवा. अकोल्याच्या दोघींना दरवर्षी नरनाळा आठवतो, कारण तो किल्ला त्यांच्या जिल्ह्यात आहे. मे महिन्यात नरनाळ्याचा चढ चढायचा म्हणजे किल्ला घेणाऱ्यांपेक्षा जास्त शौर्य लागेल. एकीला लोणारचं विवर पाहायचं असतं, एकीला पचमढी. पचमढीचा प्रश्न आता शासनानेच निकाली काढला. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्दीपलीकडे पूर्ण पैसे. दुकानवाली म्हणाली, "मंग नाई जमत. अर्ध्यात होते तं पुरे कायले द्यायचे?" पचमढी कटली.

मग तारीख. लोकांचा वीकेंड शनिवारी येतो, आमचा नळावर असतो. अमरावतीला पाणी अप्पर वर्धाचं, अकोल्याला काटेपूर्णेचं, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडच्या नळांच्या चालीत काही ताळमेळ नाही. गेल्या वर्षी आमच्या भागात पाणी दिवसाआड होतं, अकोल्याच्या दोघींकडे चार दिवसांआड. दोन्ही गावांत एकाच दिवशी नळ यावा, ड्रम, हौद, टाकी, कळशा भरून ठेवाव्यात आणि निघावं, असा दिवस हवा होता. गणितवालीने चक्क लसावि काढला. दोन आणि पाच, दहा. दर दहा दिवसांनी असा एक दिवस येत होता. तो आला सोमवारी. बँकवालीला सोमवारी सुटी मिळेना. पुढचा आला गुरुवारी आणि त्या दिवशी सासूबाई झालेलीच्या नणंदेच्या घरी लग्न होतं.

हा सगळा हिशेब कुरड्यांनी उधळून लावला. कुरड्यांचा गहू एकदा भिजत घातला की तीन दिवस भिजतो, चौथ्या दिवशी चीक काढावाच लागतो. तो म्हणत नाही की तुम्ही या फिरून, मी थांबतो. सरगुंडे, मुगवड्या, साबुदाण्याचे पापड, वर्षाचं तिखट, लोणच्याच्या कैऱ्या, हे सगळं त्याच दीड महिन्यात. ज्या उन्हापासून पळायचं, त्याच उन्हावर वर्षाचं वाळवण अवलंबून. कडक ऊन सोडून बाई बाहेरगावी गेली तर शेजारीण म्हणते, "एवढं चांगलं ऊन वाया घालवलं माय."

यात घरच्यांचा दोष काढावा तर तोही निघत नाही. आमच्या पाचही घरांत नाही म्हणणारं कोणी नाही. नवरे म्हणतात, जा न. मुलं म्हणतात, खुशाल जा. सासरे तर म्हणतात, "पैसे आहेत न पोरी?" अडचण अशी की या सगळ्यांच्या पाठीमागे एक छोटासा प्रश्न उभा असतो: "कायले?" रागाने विचारलेला नसतो, उत्सुकतेने असतो. लग्नाला चालल्या का? नाही. कोणाचं बरंवाईट? नाही. नवस आहे? नाही. मग कायले? या प्रश्नाला आमच्यापैकी एकीलाही धड उत्तर देता आलेलं नाही.

खरं तर वऱ्हाडातल्या बाया कधी घरात बसून राहिल्याच नाहीत. शेगाव आहे, माहूर आहे, पंढरपूर आहे, परतवाड्याजवळची बहिरमची यात्रा आहे. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत या घरून त्या घरी हिंडण्याचा हक्क तर पोरींना लहानपणापासून होता. माझी आजी ज्या गावांना जाऊन आली, तिथे मी अजून गेले नाही. पण आजीच्या प्रत्येक प्रवासात पुढे देव असायचा आणि त्याच्या मागे पाचपंचवीस बाया. देव पुढे असला की कायले हा प्रश्न कोणी विचारत नसे. देवळात अर्धा तास, बाकी दोन दिवस वाटेत, धर्मशाळेत, नदीवर, गप्पांत. ही युक्ती आमच्या मुलखात किती जुनी आहे याचा पुरावाच आहे.

पुरावा म्हणजे रुक्मिणी. कौंडण्यपूर, म्हणजे तिचं माहेर, आमच्याच जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न लावायला निघाला, तेव्हा तिने कृष्णाला पत्र धाडलं. भागवतात ते सात श्लोकांचं आहे. कीर्तनकार त्यातली भक्ती सांगतात, मला त्यातलं नियोजन दिसतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या घराण्यात कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला घेऊन जा. दिवस ठरला, जागा ठरली, गाडी कुठे उभी करायची ते ठरलं. निरोप एकाच माणसाच्या हाती, उत्तरही एकाकडूनच. पाचजणींना विचारत बसली असती तर शिशुपालाच्या घरी वाळवण घालत राहिली असती. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि घरी तिने सांगितलं काय असेल? देवीला जाऊन येते.

म्हणून चिखलदऱ्याला देवी पॉइंट असणं ही निसर्गाची मोठी कृपा समजायची. खडकाच्या पोटात देवीचं ठाणं आहे, वरून पाणी ठिबकत असतं, समोर दरी. सासूबाई झालेलीने पहिल्याच झटक्यात तिच्या सासूला सांगून टाकलं, "देवीच्या दर्शनाले चाललो." म्हातारी लगेच उठली, पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले आणि म्हणाली, "माह्या नावानं नारळ फोडजो." बाकी चौघींचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. एवढं सोपं होतं तर आम्ही लसावि कशाला काढत होतो?

तसं वरचं सगळंच पुराण बायांच्या बाजूचं आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकला ती कीचकदरा आणि तिचाच चिखलदरा झाला, असं सांगतात. हात धुतले ते भीमकुंड, आणि विराटाची नगरी म्हणजे जवळचं वैराट. द्रौपदी इथे सैरंध्री म्हणून राणीची वेणीफणी करत होती. म्हणजे नोकरीच्या ठिकाणी बाईला त्रास देणाऱ्याचा निकाल इथे दरीत लागला. इंग्रजी नोंदींत मात्र हे ठिकाण 1823 साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने शोधलं असं येतं. कोरकू तिथे राहत होते, गवळ्यांच्या नावाचा गाविलगड तिथे उभा होता, तो किल्ला 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीने लढून घेतलाही होता. एवढं सगळं असताना वीस वर्षांनी येऊन शोधणं फक्त साहेबालाच जमतं. त्याच इंग्रजांच्या काळात वर कॉफी लागली. महाराष्ट्रात कॉफीच्या मळ्यांची गोष्ट निघाली की अजूनही आमच्या चिखलदऱ्याचंच नाव येतं, हे आम्ही पुण्याच्या नातेवाइकांना दोनदा सांगतो.

"पावसाळ्यात जा न, धबधबे दिसतात," हा सल्ला देणारे भेटतातच. बरोबर आहे त्यांचं. मेमध्ये भीमकुंडाचा कडा कोरडा असतो, गवत पिवळं पडलेलं, सागाला पानं नसतात. पण पावसाळ्याच्या रविवारी घाटात गाड्यांची जी रांग लागते त्यात धबधब्यापेक्षा बंपर जास्त दिसतात. आणि आम्हाला धबधबा पाहायचा नव्हता, कूलरचा आवाज नसलेल्या खोलीत झोपायचं होतं.

जायच्या वाटेबद्दल तक्रार करायला जागा नाही. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा डांबरी थर, एकपदरी मोजला तर 75 किलोमीटरचा, 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. साडेचार दिवसांत रस्ता झाला, आणि त्याच्या दोन टोकांच्या पाच बायांची तारीख ठरेना. आमच्या आयांच्या वेळी मूर्तिजापूरहून अचलपूरला शकुंतला जायची, नॅरोगेजवरची. तिची गती इतकी निवांत की वाटेत माहेरपण होऊन जायचं. ती आता धावत नाही. अमरावतीकर वलगावमार्गे आणि अकोलेकर अकोट-अंजनगावमार्गे, अशा दोन वाटा परतवाड्याला मिळतात आणि तिथून घाट सुरू होतो.

सामानाची यादी मी देत नाही, नजर लागेल. एवढंच सांगते की दोन दिवसांसाठी गिला वडा करायचं ठरलं होतं, कोणीतरी रोडग्यांसाठी गोवऱ्यांची चौकशी केली होती, आणि पन्ह्याच्या बाटल्या पाचही जणींनी आणल्या. इकडे घरासाठी फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या त्याहून लांब. दूध किती वाजता येतं, मोटर कधी बंद करायची, दह्याचं विरजण कुठे आहे. बँकवालीच्या नवऱ्याने ती चिठ्ठी वाचून विचारलं, "दोन दिवसांसाठी चाललीस का दोन वर्षांसाठी?" तिच्या घरी काम करणारी बाई दाराशी चप्पल घालत होती. ती त्याच दिवशी माहेरी निघाली होती, हातात एक थैली. जाताजाता म्हणाली, "कायले येवढा इचार करता बाई? पिशी भरा न् निंगा."

निघालो. देवी पॉइंटला नारळ फोडला, कारण तो खरंच फोडायचा होता. मग हरिकेन पॉइंटला जाऊन बसलो. समोर गाविलगडाचा डोंगर, खाली वाळलेलं मेळघाट. अर्धा तास कोणी बोललं नाही, हे आमच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. मग दुकानवालीने विचारलं, "आता काय करायचं?" गणितवाली म्हणाली, "काई नाई." आणि आम्ही ते केलं, चांगलं दीड दिवस केलं. मधेच एकीने घरी फोन लावला. कूलरमध्ये पाणी टाकलं होतं, दूध उतू गेलं नव्हतं, विरजण सापडलं होतं. फोन ठेवताना ती जरा हिरमुसली, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी काही बोललं नाही.

यंदा मी घरी देवीचं नाव घेतलं नाही. "कायले?" आलंच. मी म्हटलं, "असंच." सगळे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, आणि मग पुन्हा जेवायला लागले. तुम्हीही एकदा म्हणून पाहा. सवय पहिल्यांदा आपल्यालाच करावी लागते. परतवाड्याहून वर एसटी जाते आणि बायांना तिकीट अर्धंच आहे.